गाडीची खोड

जनावर विकताना खोड सांगायची, ही आमच्याकडची रीत. बैल मारका असेल, नांगराला बसत असेल, तर विकणारा सौदा ठरायच्या आधी स्वतःच्या तोंडाने तसं सांगतो. न सांगता विकलं आणि मागाहून कळलं, तर त्या माणसाला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र ही रीत नाही, हे मला साताऱ्यापासून सांगलीपर्यंत तीन आठवडे हिंडल्यावर कळलं.

गाडी आईसाठी हवी होती. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला मिरजेला न्यावं लागे. इस्लामपूरहून सांगली, सांगलीहून मिरज, जाताना दोन एसट्या आणि येताना दोन. येताना ती पार गळून जायची. एकदा सांगलीच्या स्टँडवर फरशीवरच कुशीवर झाली, आणि लोक तिला ओलांडून गाडी धरत राहिले. मी उशाला उभी. त्या दिवशी ठरवलं, आईला आडवं होऊन घरी येता येईल अशी गाडी घ्यायची. मास्तरणीच्या पगारात नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी.

साताऱ्यात एकाने गाडीत इतकं अत्तर मारलं होतं की माझं डोकंच उठलं. सोबत आलेला मामा म्हणाला, "वास झाकायला वास मारलाय गड्यानं. पुरात हुती ही." कराडजवळ दुसऱ्याने डॉक्टरीणबाईंची म्हणून गाडी दाखवली. मीटर जेमतेम हललेला आणि ब्रेकचं पायडल झिजून गुळगुळीत. मी विज्ञान शिकवते, असल्या गोष्टी माझ्या लगेच ध्यानात येतात. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असा मला तेव्हा ताठा होता.

शेवटी मामाने मला मिरज रस्त्यावरच्या एका माणसाकडे नेलं. आधी तो बैलांचा व्यापार करायचा. बाजार बसला तसा गाड्यांत शिरला. पत्र्याच्या शेडात सात-आठ गाड्या, कोपऱ्यात गवतावर एक पांढरी. इंजिन चांगलं, टायर चांगले, मागची सीट लांबरुंद. मी हो म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा ताई. खोड सांगतो. मागच्या शिटावर बाई गेलीया हिच्यात. दवाखान्याला न्हेताना. मालकाला गाडी बघवंना म्हणून विकाय लावली."

असा खरं बोलणारा माणूस तीन आठवड्यांत पहिलाच भेटला होता. मी त्याचे आभार मानायला हवे होते. मी काय विचारलं? "मग त्याचे किती कमी करणार?"

मामाने खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि दोघांनी टॉवेलाखाली बोटं धरली. जनावरांचा भाव असाच ठरतो, बघणाऱ्याला आकडा कळत नाही. चार-पाच वेळा बोटं दाबून झाली. टॉवेल निघाला तेव्हा भाव माझ्या आवाक्यात आला होता. "पुढं इकाल तवा तुमीबी सांगायचं," एवढंच तो म्हणाला. त्या बाईच्या मरणाची मी सूट घेतली होती, आणि घरी येईपर्यंत मला त्याचा आनंदच होता.

आईला यातलं काही सांगायचं नाही, असं मी मामाला बजावलं.

पहिल्याच दिवशी आई मागचं दार उघडायला गेली आणि मी तिचा हात धरला. "मागं नको, गचके बसतात," मी म्हणाले. पुढे मग मागे एसी पोचत नाही, मागचं दार नीट लागत नाही, अशी कारणं मी काढत गेले. "बरं बाई," म्हणून ती पुढे बसायची. पुढची सीट थोडी कलायची, पण तिला कुशीवर व्हायला लागायचं. येताना तिची मान काचेवर आदळायची. मी मध्ये उशी दिली. उशी घसरायची.

आणि माझी नजर आरशात. मी आरसा वाकडा करून ठेवायचे, आष्ट्याच्या खड्ड्यांत तो आपोआप सरळ व्हायचा आणि मागची रिकामी सीट दिसायची. रिकामीच असायची. तरी मला वाटायचं, मी आत्ता बघितलं म्हणून रिकामी आहे. वर्गात भूत नसतं म्हणून पोरांना खडसावणारी मी, सांगलीचा पूल येईपर्यंत मागे न बघता गाडी हाकायचे. एकदा सीटच्या फटीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. तो मी पुलावरून कृष्णेत टाकला. आईने हात जोडले. "काय टाकलंस?" "रुपया," मी म्हणाले.

दोन वर्षं अशी गेली. आई दवाखान्यात गेली, खाटेवर, झोपेत. गाडीत नाही, याचंसुद्धा मला त्या दिवशी हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

तेरावं झाल्यावर मी मामाला म्हणाले, निदान तिला ते कळलं नाही. मामा म्हणाला, "आगं, आक्कानं पहिल्याच दिशी इचारलं मला, खोड काय हाय गाडीची? शेतकऱ्याची बायकू ती. मी खोटं कसं बोलू? म्हनली, ती बाईबी माझ्यागत दवाखान्यालाच निघालती, तिचं काय भ्या? मागं आडवं व्हायला लय बरं वाटंल. पन पोरगी भिती. भिऊन गाडी हाकली तर दोघीबी जाऊ. बसतीया मी पुढं."



गाडी विकायला मी त्याच शेडात गेले. त्याने बॉनेट उघडून बघितलं आणि विचारलं, "नवी खोड काय?"

"गाडीची काही नाही," मी म्हणाले. "जुनी आहे तीच."

तो कागद आणायला आत गेला. मी मागचं दार उघडलं आणि पहिल्यांदाच त्या सीटवर आडवी झाले, कुशीवर, गुडघे थोडे मुडपून. आई आणि मी एकाच उंचीच्या. जागा पुरली असती.