बाबांचा उजवा कान

बाबा तोफखान्यातून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी दुसरीत होते. दारव्ह्याच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर त्यांना चौकीदारीची नोकरी मिळाली, आणि माझं लहानपण त्या फाटकाच्या आसपासच गेलं. दिवाळी झाली की कापसानं भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायला लागायच्या. रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत जायची. बैल सोडलेले, धुऱ्या जमिनीला टेकलेल्या, आणि आपल्या नंबरची वाट पाहत माणसं कापसावरच आडवी झालेली. हवेत सरकीचा तेलकट वास. आई डबा देऊन मला पाठवायची आणि दर वेळी बजावायची, डाव्या बाजूनं जा. कारण बाबांचा उजवा कान पूर्ण गेलेला होता. त्या बाजूनं कितीही हाका मारा, ते आपले शांतपणे रस्त्याकडे बघत उभे.

कान तापानं गेला, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबा सुट्टीवर आले ते एका कानानं बहिरे होऊनच. पलटणीत मोठा ताप आला, त्यात गेला, असं त्यांनी आईला सांगितलं. आईनं ते धरून ठेवलं. हिवाळा लागला की ती तेलात लसूण कढवायची, तेल कोमट होऊ द्यायची आणि बाबांना बाजेवर कुशीवर निजवून त्या कानात दोन थेंब सोडायची. कापसाचा बोळा लावायची. बाबा डोळे मिटून पडून राहायचे. निवृत्तीनंतर एकही हिवाळा हे चुकलं नाही.

मी शिक्षिका होऊन पुसदला गेले, माझं लग्न झालं, आणि तेवढ्या काळात कापसाचे दिवस बदलले. बंड्यांची रांग दर वर्षी आखूड होत गेली. एका वर्षी मालकानं फॅक्टरी दिवाळीनंतर उघडलीच नाही. मशिनं कुठल्याशा दुसऱ्या राज्यात गेली म्हणतात. बाबा घरी बसले. आजूबाजूच्या गावांतून कोणा ना कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याचं रोज कानावर यायचं. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या की आई उठून टीव्ही बंद करायची. बाबा काही म्हणायचे नाहीत. सकाळी अंघोळ करून विहारात जायचे, परत येऊन अंगणात बसायचे. वयानं आता डावा कानही मंदावला होता. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून बोलण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. मी सुट्टीत जायची तेव्हा दोघं एका घरात असूनही दिवसभर एकमेकांशी चार शब्द बोललेले दिसायचे नाहीत.

त्याच सुमाराला माझ्या मावसभावाचं लग्न ठरलं. मुलगी दूरची, पश्चिमेकडच्या एका छावणीच्या शहरातली. दारव्ह्याहून बस करून वऱ्हाड गेलं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बस निघणार नव्हती. मुलीकडच्या कोणीतरी सांगितलं, इथं सैन्याचं संग्रहालय आहे, पाहून या. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कायले? लोखंड पाह्याले?" पण आईला लग्नघरात बसायचा कंटाळा आला होता. तिनं पायांत चपला घातल्या, तेव्हा बाबाही उठले.

तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं आमच्यापुढे दोन यंत्रं ठेवली. गळ्यात अडकवायचं, कानाला हेडफोन लावायचे, आणि प्रत्येक वस्तूपुढे पाटीवर जो नंबर असेल तो दाबायचा. मग यंत्र मराठीतून माहिती सांगतं. बाबांनी हात हलवून नको म्हटलं आणि हात पाठीमागे बांधून पुढे निघाले. एक यंत्र मी घेतलं, एक आईनं. तिनं हेडफोन लावले आणि त्यावरून पदर घेतला.

आतला आवाज पुरुषाचा होता, जड आणि स्वच्छ. पहिलं बटण दाबल्यावर तो "नमस्कार" म्हणाला, आणि आईनंही मान लववून नमस्कार केला. पुढे प्रत्येक ठिकाणी ती असंच करत राहिली. त्याचं वाक्य संपलं की "बरं" म्हणायची. त्याचं सांगून पूर्ण होईपर्यंत जागची हलायची नाही. मागून आलेली माणसं पुढे निघून गेली, तरी आई एका जुन्या शिरस्त्राणापुढे उभीच. मी तिला म्हटलं, सगळं ऐकायची सक्ती नाही. तर ती म्हणाली की हा आवाज रेडिओसारखा आहे, अर्ध्यात कसा तोडायचा.

रेडिओचं कारण मला ठाऊक होतं. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा तिचं लग्न होऊन काही महिनेच झाले होते. घरी रेडिओ नव्हता. संध्याकाळी ती पाणी आणायच्या निमित्तानं निघायची आणि किराणा दुकानाच्या पायरीखाली घागर घेऊन बातम्या संपेपर्यंत उभी राहायची. ज्या गावांची नावं ऐकू यायची, ती कुठं आहेत हे तिला माहीत नव्हतं. तरी ती पाठ करायची, म्हणजे बाबा आले की विचारता येईल. बाबा आले तेव्हा तिनं विचारलंही. ते म्हणाले, आम्ही फार मागं होतो, रेशनच्या गाड्यांपाशी.

संग्रहालयात गणवेश होते, पदकं होती, रणगाडे होते. लढाईतल्या स्वयंपाकघराची एक प्रतिकृती होती, घासून लख्ख केलेल्या पातेल्यांसकट. तिथं बाबा पहिल्यांदा थांबले आणि किंचित हसले. "इतकी साफ नसत," म्हणाले, आणि पुढे गेले.

तोफा मागच्या आवारात टिनाच्या छपराखाली होत्या. हिरवा रंग नव्यानं दिलेला. बाबा एका तोफेपाशी गेले, तिला वळसा घातला आणि डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. हात पाठीमागेच. त्यांनी तिला हात लावला नाही. आईनं पाटी पाहिली आणि नंबर दाबला. मीही तोच दाबला.

आवाज सांगत होता की एकाहत्तरच्या हिवाळ्यात अशा तोफा रात्र रात्र चालत होत्या. गोळे हातांनी उचलून भरावे लागत. नळी इतकी तापे की जवळ उभं राहवत नसे. त्या आवाजानं कितीतरी गोलंदाजांना नंतर दिवसचे दिवस ऐकू येत नसे, आणि काहींचे कान कायमचे गेले.

आईनं या वेळी "बरं" म्हटलं नाही. तिनं तोफेकडे पाहिलं, मग बाबांकडे. कानावर हेडफोन असल्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय हे तिला कळत नव्हतं.

"अवो, तुमचा कान तापानं गेलता न?"

सगळं आवार वळून पाहू लागलं. कॉलेजच्या मुलामुलींचा एक घोळका होता, तो गप्प झाला. बाबांनाही ऐकू गेलं. पहिल्याच वेळी, पुन्हा न विचारता. त्यांनी मान खाली घातली आणि काहीतरी उत्तर दिलं. ओठ हललेले मला दिसले.

"काय?" आईनं विचारलं. इतकी वर्षं हा शब्द आमच्या घरात फक्त बाबांचा होता.

बाबा एक पाऊल जवळ आले आणि मोठ्यानं म्हणाले, "नाई. तोफेनं गेला. याच तोफेनं."

आईनं हेडफोन काढून गळ्यात घेतले. आतला आवाज पुढच्या तोफेकडे जायला सांगत होता, ते बारीक ऐकू येत राहिलं. तिनं बाबांच्या त्या कानाकडे पाहिलं. मला वाटलं रडेल. पण ती म्हणाली, "मंग इतके साल मी लसनाचं तेल कायले टाकून राह्यली?"

बाबांनी थोडा विचार केला. "बरं वाटे," ते म्हणाले.

आईला हसू आलं. आधी पदराआड, मग उघडच. बाबाही हसले. त्या मुलामुलींनी नजरा वळवल्या. मी यंत्रं परत करून आले, तोवर दोघं कॅन्टीनबाहेरच्या बाकावर लिंबाच्या सावलीत बसली होती. आईनं बाबांची डावी बाजू धरली होती.

तिथं, चहा पिता पिता, बाबा बोलले. मी त्यांना एका जागी इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. आईनं विचारलं, खोटं का सांगितलं. ते म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तू मला परत जाऊ दिलं नसतंस. नवी नवरी, सतरा वर्षांची. तुला घाबरवून कसा गेलो असतो. आणि पुढे सांगायचं राहून गेलं. मग तू तेल टाकायला लागलीस.

मग त्यांनी तोफेवरच्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडचा एक गोंड पोरगा. बाबा डाव्या बाजूला, तो उजव्या. कानांत कापूस घालायचा हुकूम होता आणि ते घालतही. पण साहेब मागून, दोघांच्या मधून, हुकूम सोडायचा. दोन्ही कान बंद केले तर तो ऐकू येत नसे. म्हणून दोघांनी साहेबाकडच्या कानातला बोळा काढून टाकला. बाबांचा उजवा, त्याचा डावा. रात्र संपली तेव्हा दोघांचेही ते कान संपले होते.

आईनं विचारलं, "थो जिता हाय का?"

"मालूम नाई."

"गाव त मालूम हाय न?"

गाव माहीत होतं. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं होतं. आईनं कप खाली ठेवला आणि घरी गेल्यावर जायचं, असं ठरवून टाकलं.

होळीनंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो. यवतमाळला बस बदलली. वावरांत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते. वाटेत दोन-तीन जिनिंग लागल्या, त्यांच्या फाटकांना कुलपं होती आणि आत गवत वाढलेलं. पूर्वी बाबांनी ते पाहून तोंड फिरवलं असतं. त्या दिवशी ते आईला दाखवत होते, ही मोठी होती, हिच्यातून कापसाच्या गाठी आमच्यापेक्षा जास्त निघत. पांढरकवड्याला हैदराबादच्या रस्त्यावर टायरच्या दुकानात त्याचं नाव सांगून विचारलं. दुकानदार लगेच म्हणाला, तो बहिरा ड्रायव्हर ना, आता ट्रक सोडला त्यानं, घरीच असतो. तिथून पुढे जीपनं गेलो.

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. एक पांढऱ्या केसांचा माणूस कुंपणाच्या काट्या बांधत होता. बाबांनी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. घरातून त्याची बायको बाहेर आली आणि त्याला गोंडीत काहीतरी म्हणाली. त्यानं वळून आमच्याकडे पाहिलं. ओळख पटली नाही. तेव्हा बाबांनी उजवा हात सरळ वर केला आणि तसाच धरला. तोफ तयार असली की असा हात वर करत, हे मला नंतर कळलं. त्या माणसाच्या हातातली काटी खाली पडली. तो मोहफुलं तुडवत आला आणि बाबांना त्यानं मिठी मारली. बायको फुलांसाठी ओरडत होती, ते दोघांनाही ऐकू आलं नाही.

बाजेवर बसले ते तोफेवर असायचे तसे, बाबा डावीकडे, तो उजवीकडे. बोलायला लागले तर दोघांचेही गेलेले कान समोरासमोर. दोघंही "काय, काय" करत राहिले. मग आईनं त्यांना उठवलं आणि जागा बदलायला लावल्या. त्यानंतर दुपारभर आम्हा बायकांना मधे बोलायची संधी फारशी मिळाली नाही. ते आमच्यासमोर मोठमोठ्यानं बोलत होते. आई खाली बसून मोहफुलं निवडू लागली, पण तिचं सगळं लक्ष त्या बोलण्याकडे होतं. दुकानाच्या पायरीखाली पाठ केलेल्या गावांची नावं मधूनच येत होती. एखादं आलं की ती मान वर करून विचारायची, ते कुठं आहे, आणि दोघं एकदम सांगायचे.

पुढे तो जोडीदार दर वर्षी दारव्ह्याला येऊ लागला. येताना चारोळ्या आणायचा. कापसाचे दिवस काही सुधारले नाहीत, फॅक्टरीच्या जागेवर प्लॉट पडले, पण आमचं अंगण बोलतं झालं. बाबा आईशीही बोलू लागले, संध्याकाळी, मोठ्यानं. शेजारच्यांना आमच्या घरातलं सगळं कळायचं आणि आईला त्याचं काही वाटायचं नाही.

बाबा गेले त्या वर्षी जोडीदार आला तेव्हा तोही खूप थकला होता. बाबांच्या फोटोला फूल वाहून तो अंगणात बसला. आई त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि बाबांना विचारायचं राहिलेलं एकेक विचारत गेली. थंडीत ते काय पांघरत, जेवण मिळे का, कधी रडले का. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. संध्याकाळी ती त्याला पोचवायला स्टँडवर गेली. बस हलेपर्यंत उभी होती, असं मला शेजारणीनं सांगितलं.