दारात बांधलेलं तांबडं कुत्रं

ते कुत्रं मी वाचवलं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मी ते चोरलं होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीला शिक्षक होतो. दसरा झाला की आसपासच्या वस्त्या ऊसतोडीला जायच्या. मागं राहिलेली कुत्री-मांजरं मी घरी आणायचो. अंगणात पाच कुत्री आणि दोन मांजरं झाली होती. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आम्हालाही आणि त्यांनाही. बायको म्हणायची, "पोरांच्या घशाखाली उतरंना हा मिलो, अन् तुमच्या पाहुण्यांना रोज पंगत!" तरी चार भाकरी जास्तच थापायची.

एका दुपारी सायकलवरून येताना एका खोपटापुढं तांबडं कुत्रं दिसलं. दाराला काट्याची फांदी लावलेली, आसपास माणूस नाही. कुत्रं खुंट्याला बांधलेलं, बरगड्या वर आलेल्या, पुढ्यातलं खापर कोरडं. लोक त्याला बांधून तसेच निघून गेले, असं समजून मी संतापलो. विचारायला दुसरं घर थोडं पुढं होतं. मी गेलो नाही. दोर सोडला आणि कुत्रं घरी आणलं. दया आली की चौकशी कशाला करायची, असा माझा तेव्हा ताठा होता.

आठवड्यानं त्याच वाटेनं आलो तर खोपटासमोर एक म्हातारी बसली होती. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आली होती, हात पांढरे झाले होते. लेक-सून तोडीला गेलेले. तिच्यापाशी एक शेळी ठेवलेली, दिवसा खोपटात कोंडलेली, आणि शेळीच्या राखणीला कुत्रं. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीतली अर्धी ती त्याच्यासाठी पदरात बांधून आणायची.

"मास्तर, वाटंनं कुटं कुत्रं दिसलं का वो? तांबडं हाय."

"नाही," मी म्हणालो.

कुत्रं तेव्हा माझ्या अंगणात जिवंत होतं.

रविवारी ती कामावर असताना गुपचूप बांधून यावं, असं मी ठरवलं. तेवढ्यात माझ्याकडच्या एका पिल्लाचे डोळे चिकटायला लागले, मग खोकला. रविवारी तांबड्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. त्याचा जबडा आपोआप हलायला लागला, मागचे पाय लुळे पडले. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "ह्याला औषध नाही. एवढी एका जागी कशाला गोळा केलीत?" एकेक करून सगळी कुत्री गेली. कोरड्या ओढ्यात खड्डे मीच खणले.

त्यानंतर मी लांबच्या वाटेनं जायला लागलो. मग एके दिवशी चहाच्या हॉटेलात कानावर आलं, त्या म्हातारीची शेळी लांडग्यानं भरदिवसा नेली.

मी गेलो. ती उंबऱ्याशी बसली होती. मला वाटलं, शेळीसाठी रडेल. ती कुत्र्याचंच बोलत राहिली.

"उपाशी ठिवलं म्या त्याला, म्हून गेलं. न्हाईतर जनावर आसं सोडून जातंय व्हय? माझंच चुकलं, मास्तर. मीच अर्धी खात हुते, त्याला समदीच द्यायला पाहिजे हुती."

मी जमिनीवर बसलो.

"आजी, ते गेलं नव्हतं. मी नेलं. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्याच घरी होतं, आणि मी नाही म्हणालो. माझ्याकडच्या कुत्र्यांचा आजार लागून ते मेलं."

तिनं हळूच विचारलं, "खात हुतं का तुमच्यात?"

"सुरुवातीला खाल्लं."

तिनं मान हलवली. शिव्या देईल म्हणून मी वाट बघितली, दिल्या नाहीत. मी तिच्या पायांवर हात ठेवला आणि म्हणालो, "तुमचं काही चुकलं नव्हतं, आजी. माझं चुकलं. मला माफ करा."