खाचेपासून खाचेपर्यंत

यंत्राला तांदूळ मोजता येतो, हे मला सिद्ध करायचं होतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी खालापूरकडच्या एका शाळेत गणित शिकवत होते, राहायला कडावला घरीच, आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाऊन विद्यापीठात पीएच.डी.चं संशोधन करत होते. लग्नाचं वय उलटून चाललेली ही बाई फोटोतले तांदूळ का मोजते, यावर गावात बरीच चर्चा झाली. होऊ दे म्हटलं.

विषय साधा होता. गिरणीत भात भरडलं की त्यात अख्खा तांदूळ किती आणि कणी किती, हे व्यापारी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन ठरवायचा आणि तो म्हणेल ते खरं. मला त्या तळहाताचा राग होता. काळ्या कापडावर तांदूळ पसरायचा, फोटो काढायचा आणि संगणकाने सांगायचं, इतके दाणे अख्खे, इतकी कणी. त्यात कोणाची मर्जी चालणार नाही.

पण संगणकाला फोटो दिसत नाही, त्याला आकडे लागतात. फोटोचे आकडे करणारं यंत्र आमच्या विभागात नव्हतं. आमच्या घरी आत्या होती. आत्या चौथी शिकलेली. शेजारच्या दोन वहिन्या तिच्या जोडीला आल्या. कर्जतच्या फोटो स्टुडिओतून मी फोटो मोठे करून आणले. त्यावर चौकोन आखलेला पारदर्शक कागद ठेवायचा आणि प्रत्येक चौकोन किती उजळ ते पाहून शून्य ते नऊपैकी एक आकडा वहीत लिहायचा. शून्य म्हणजे काळं कापड, नऊ म्हणजे पांढराशुभ्र दाणा. एका फोटोवर साठ ओळी, एका ओळीत साठ चौकोन. दुपारची भांडी झाली की तिघी पडवीत बसायच्या. आकडे लिहिताना त्यांनी गावातल्या एकूण एक सुनेची चौकशी उरकली, पण ओळ कधी चुकली नाही. त्या वह्या घेऊन मी मुंबईला जायचे, आणि तिथे ते आकडे कार्डांवर भोकं पाडून संगणकात जायचे.

निकाल आला तेव्हा सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, खुर्चीतून उठलेच. बारा फोटो, आणि बाराही फोटोंतली मोजणी अचूक.

"बाई, हे परिषदेत वाचू या," ते म्हणाले.

मला मात्र ते पचेना. माझ्या प्रोग्रामची खोड मला ठाऊक होती. दोन दाणे एकमेकांना टेकले की तो दोघांना मिळून एकच समजायचा. मूठभर तांदूळ टाकल्यावर दाणे टेकणारच. मग याला अचानक अक्कल आली कुठून? घरी आल्यावर भिंग घेऊन फोटो आणि वह्या ताडून पाहिल्या. फोटोत दोन दाणे टेकलेले, सलग पांढरे. वहीत मात्र त्या दोघांमधून शून्यांची तिरकी ओळ गेलेली. फोटोत नसलेली काळी रेघ वहीत होती. एकदा नाही, जिथे जिथे दाणे टेकले होते तिथे तिथे.

माझं डोकंच फिरलं.

"आत्या, दिसेल तेवढंच लिहायचं सांगितलं होतं ना?"

"दिसलं तेच लिवलं गं. दोन दाणं हायत ना ते? मंग मधी काळं नको?"

"फोटोत नाहीये काळं!"

"फोटोला नाय कळलं. आमाला कळलं."

दोन्ही वहिन्यांनी माना डोलावल्या. मला हसू येत होतं आणि रडूही. यंत्राने काही ओळखलंच नव्हतं. सुपात निवडावं तसं तिघींनी कागदावर तांदूळ निवडून दिला होता आणि शाबासकी यंत्राला मिळत होती.

सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "फोटो कोण तपासायला बसलंय? आणि हे बघा, गावातल्या बायकांनी आकडे लिहिले हे कुठे बोलू नका. 'मोजमाप हाताने केले' एवढं लिहा, बास."

हात कोणाचे, ते सांगायचं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोंदणीची मुदत वर्षाने संपत होती. सगळं पुन्हा करायचं तर पदवी हातची जाण्याचीच शक्यता जास्त, आणि मुदत वाढवून मिळायला सरांचीच सही लागणार होती. तरी मी म्हणाले, "हा निबंध मी वाचणार नाही. यंत्र आंधळं असेल तर आंधळं आहे असं लिहीन."

"मग बसा मोजत," सर म्हणाले.

बसले. एका पोस्टकार्डाला बरोबर एका चौकोनाएवढं भोक पाडलं. कार्ड फोटोवर ठेवायचं, भोकातून दिसेल त्याचा आकडा लिहायचा, मग कार्ड पुढे सरकवायचं. अख्खा दाणा कोणालाच दिसायला नको. आत्याला हा अपमान वाटला. "आमचं डोळं बांधून काम घेती ही," असं ती वहिन्यांना मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली. पण केलं तिघींनी. सगळे फोटो पुन्हा, एकेक भोक.

या वेळचे आकडे खरे होते आणि निकाल पार वाया गेला होता. प्रोग्रामच्या मते कडावात चिंचेएवढा तांदूळ पिकत होता.

मग मी तोच फोटो आत्यापुढे ठेवला, पोस्टकार्ड काढून घेतलं आणि विचारलं, "इथे रेघ घालायची, हे तुला कसं कळलं?" इतक्या दिवसांत हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. गणित शिकवणारी मी!

तिने काडेपेटीतली काडी काढली. "दोन दाणं टेकलं का दोन्ही अंगाला खाच पडती. ही बघ, आन ही. या खाचंतून त्या खाचंत काडी ठेवायची. झालं."

"आणि तीन दाणे एकावर एक असले तर?"

"मंग बोटानं हलवायचं. फोटोत कशी हलवनार तू?"

प्रोग्राममध्ये मी तेच घातलं. दाण्याच्या कडेकडेने जायचं, आत वळणाऱ्या खाचा शोधायच्या, खाचेपासून खाचेपर्यंत रेघ मारायची. दोन दाणे सुटे झाले. तीन दाण्यांचा ढीग सुटला नाही, आणि तो सुटत नाही हे मी प्रबंधात स्पष्ट लिहिलं. रीत कुठून आली तेही संदर्भांच्या यादीत लिहिलं, आत्याचं नाव, गाव, आणि पुढे 'तोंडी'. सरांनी ती ओळ लाल पेन्सिलीने खोडली. मी पुन्हा टाइप करून आणली. त्यांनी पुन्हा खोडली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात टेकले आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. "या कोण?"

"माझी आत्या. चौथी पास."

"त्यांनी हे कुठे छापलंय?"

"कुठेच नाही. म्हणून मी छापलंय."

सर खिडकीबाहेर बघत होते. पदवी मिळाली.

बांधलेली प्रत घेऊन मी ऐटीत घरी आले आणि आत्याला तिचं नाव दाखवलं. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती. मी वाचून दाखवलं तशी तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं, मग वरच्या ओळीवरून, मग खालच्या.

"आन ह्या दोघींची कुठं हायत?"

वहिन्या पडवीतच बसल्या होत्या. त्यांची नावं नव्हती. तीन वेळा भांडून टाइप केलेल्या पानावर मला एकदाही त्यांची आठवण झाली नव्हती. सरांना काय काय बोलले होते मी! तेव्हाच्या तेव्हा पेन घेतलं आणि दोघींची नावं त्या ओळीखाली लिहिली.

पुढच्या सुट्टीत मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले, तिथली प्रत मागून घेतली आणि ग्रंथपाल पाठमोरे झाल्यावर त्यातही दोघींची नावं लिहिली, शाईने. ग्रंथालयाच्या पुस्तकात काही लिहू नये असा नियम आहे. समोरच पाटी होती, मी वाचली होती.