एक गारगोटी, नव्व्याण्णव काळे गोटे

आमच्या भूगर्भशास्त्राच्या वर्गात एक लोखंडी कपाट आहे. दरवर्षीची मुलं त्यात दोन-चार दगड टाकून जातात, वरच्या चिठ्ठ्या गळून पडतात, आणि कोणता दगड कुणी कुठून आणला हे मग कुणालाच सांगता येत नाही. किश्श्यांचंही तसंच. वर्ध्याच्या कॉलेजात आम्ही एक वर्ष ‘पर्यावरण भूशास्त्र आणि नैसर्गिक आपत्ती’ हा विषय शिकलो, आणि दगडांपेक्षा किस्सेच जास्त जमले. हाताला लागतील तसे सांगते.

*

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, “हा विषय का घेतला?”

देवळीचा मंगेश प्रामाणिक माणूस. “सर, बाकीच्या विषयाच्या सीटा भरल्या.” माझंही कारण तेच होतं, पण मी आपलं “आवड” म्हणून दिलं ठोकून.

मग आष्टीकडची सुवर्णा उठली. तिच्या बाबांना नदीजवळच्या वावरात नवं घर बांधायचं होतं. उन्हाळ्यात पाया खोदायचा हे पक्कं. तिला त्या जागेची धास्ती होती. “सर, मी नको म्हनलं तं बाबा म्हंते, तुले काय समजते त्यातलं? म्हनून समजून घ्याले आली.”

सर तिच्याकडे वळले. “बस,” म्हणाले. “तुझ्यासाठी शिकवतो. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.”

*

आमच्या वर्गाचं दार ऑगस्टमध्ये अडकतं आणि एप्रिलमध्ये त्याच्या फटीतून कुत्र्याचं पिल्लू आत येतं. एकदा सर बाहेर आणि आम्ही आत, असे अडकलो. ते ढकलतात, आम्ही ओढतो, दार ढिम्म. शेवटी सरांनी खिडकीतून लेक्चर सुरू केलं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते, आणि तिच्यावर उभी असलेली आख्खी इमारत तिच्याबरोबर वरखाली होते.

“सर, सुताराले बोलावू का?” मंगेशनं विचारलं.

“बोलाव. पण तो दाराले रंधा मारंन, जमिनीले कोन मारंन?”

तेव्हा हसलो. पुढं उन्हाळ्यात आमच्या वावरातल्या एका भेगेत मी सहज हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला आणि तरी तळ लागेना. घाबरून बाहेर काढला. लहानपणापासून ज्या मातीवर खेळले ती एवढी जिवंत आहे हे मला माहीतच नव्हतं.

*

भूकंपाच्या मॉक ड्रिलला सरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही सगळे बेंचखाली शिरलो. सर स्वतः टेबलाखाली. नेमके त्याच वेळी प्राचार्य राउंडवर आले. खिडकीतून रिकामा वर्ग दिसला, तशी कपाळावर आठी चढली.

“एवढा पगार घेतात आणि वर्ग घेत नाहीत,” ते शिपायाला म्हणाले.

टेबलाखालून शांत आवाज आला, “सर, वर्ग चालू आहे. भूकंप संपला की भेटतो.”

*

आंजीच्या वाटेवर एक बंद पडलेली खदान आहे. सरांनी तिथं नेलं. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधोमध हातभर जाडीचा लाल पट्टा.

“साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे,” सर म्हणाले.

“मले तं सोयाबीनचे तीन महिने निघत नाई,” मंगेश पुटपुटला.

सरांनी सांगितलं, खालचा लाव्हा आला आणि थंड झाला. मग कितीतरी काळ काहीच आलं नाही. दगडाची माती झाली, मातीत झाडं उगवली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून विटेसारखी लाल झाली.

आम्ही एकेक करून त्या पट्ट्यावर हात ठेवला. 

मंगेश हात न काढताच म्हणाला, “त्या झाडाईले वाटलं असन, आता काई येत नाई.”



*

‘शंभर वर्षांचा पूर’ हा धडा झाला आणि सुवर्णा उत्साहानं घरी गेली. सोमवारी तोंड पाडून परत आली. बाबांनी तिचंच शस्त्र तिच्यावर उलटवलं होतं. “शंभर सालातून एकदा ना? तो तं माह्या आज्यानं पाह्यला. मंग आपल्याले काऊन भेव? आता आपून निवांत!”

सरांनी दुसऱ्या दिवशी एक माठ आणला. त्यात नव्व्याण्णव काळे गोटे आणि एक पांढरी गारगोटी. गारगोटी म्हणजे पूर. रोज एकानं डोळे मिटून एक दगड काढायचा, बघायचा, परत टाकायचा.

“परत काऊन टाकाचा, सर?”

“कारण दरवर्षी माठ तोच असतो. मागच्या साली काय निघालं, हे माठाले आठवत नाही.”

दिवाळी गेली, संक्रांत गेली, काळेच निघत राहिले. आम्ही कंटाळलो. मग एका मंगळवारी मंगेशच्या मुठीत गारगोटी निघाली. टाळ्याबिळ्या झाल्या. बुधवारी माझी पाळी. मी डोळे मिटून हात घातला, दगड बाहेर काढला, आणि वर्ग एकदम गप्प झाला म्हणून डोळे उघडले. माझ्या तळहातावर पांढरी गारगोटी होती.

सरांनी माठ टेबलावर उपडा केला. बाकी सगळे काळे. कुणी गंमत केली नव्हती. सर खडू हातात धरून उभे राहिले, त्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.

सुवर्णानं संध्याकाळी फोनवर हे बाबांना सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “माठातल्या गोट्यावरून घर ठरवाचं का मी?”

*

मार्चमध्ये आमची सहल सुवर्णाच्याच वावरात निघाली. तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या काकांनी, चहा पाजला, हौसेनं जागा दाखवली. खुंट्या ठोकलेल्या, दोरी ताणलेली, पुढच्या आठवड्यात खोदकाम. नदी तिथून दिसतही नव्हती. पार लांब, बाभळींच्या रांगेमागं.

“एवढ्या दुरून येते का ती?” काका म्हणाले. सुवर्णा खाली बघत होती.

दोरीच्या पलीकडंच विहीर होती आणि तिच्याजवळ गोल गुळगुळीत गोट्यांचा मोठा ढीग होता. सर त्याच्यापाशी थांबले. “काका, हे नदीतून आणले का?”

“आनाले काऊन लागते? विहीर खोदली तवा याच्यातूनच निघाले. दोन पुरुस, दोन मानसाच्या उंचीइतकं खाली, नुसते हेच.”

मंगेशनं एक गोटा उचलला, हातात फिरवला. “पन सर, असा गोल तं फक्त नदीच करते ना?”

सर “हो” म्हणाले.

काका विहिरीच्या काठावर उकिडवे बसले. बराच वेळ आत बघत होते. मग मान वळवून बाभळींकडं बघितलं. पुन्हा विहिरीत.

मग ते उठले, खुंटीपाशी गेले, ती हलवून हलवून उपटली आणि दोरी गुंडाळायला लागले.

“बाबा, काय झालं?” सुवर्णानं विचारलं.

“तिले रस्ता माहीत हाय.”