वेबसाइटचं भाडं

बोंडअळीनं कपाशी पोखरली, त्या वर्षी मी अमरावतीच्या एका छोट्या संस्थेत हिशेब आणि ऑफिस दोन्ही सांभाळत होते. नवरा गेलेल्या बायकांना वारसनोंद, पेन्शन, रेशनकार्ड मिळवून द्यायचं, हे आमचं काम. अकोल्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका गृहस्थानं आम्हाला फुकटात वेबसाइट करून दिली होती. वेबसाइटचं नाव त्यानं स्वतःच्याच ईमेलवर नोंदवलेलं. पहिल्या पानावर बार्शीटाकळीच्या एका शिवणकाम करणाऱ्या आपाचा फोटो होता. मशीनवर बसून ती मोकळी हसत होती. नवरा गेल्यावर तिनं दोन मुली त्या मशीनवर वाढवल्या होत्या.

मार्चच्या बैठकीत मी बजेट ठेवलं. त्यात वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण, सर्व्हरची जागा आणि देखभाल असा खर्च धरला होता. आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, माणूस सरळ, पण हात आखडता. त्यांनी पेन काढलं.

"वेबसाइट झाली ना एकदा? घर बांधल्यावर गवंड्याला दरवर्षी पैसे देतं का कोणी?"

"सर, हे घर नाही. भाड्याची खोली आहे. भाडं थांबलं की मालक दुसऱ्याला देतो."

"देणगीदार विचारतील, बायांना किती दिले अन् कॉम्प्युटरले किती. काय सांगू?" असं म्हणून त्यांनी तो सगळा भाग खोडला.

उन्हाळा संपता संपता वेबसाइट बंद पडली. काही आठवड्यांनी ती आपोआप सुरू झाली. तीच हिरवी किनार, तोच फोटो. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. "पाहा, भरले त्या अकोल्याच्या माणसानं."

मलाही हायसं वाटलं. मग सवयीनं पान खालपर्यंत वाचत गेले. तळाला दिलेला फोन नंबर आमचा नव्हता. फोटोखाली नवी ओळ होती : विधवा भगिनींना शेळीपालनासाठी अनुदान, आजच नोंदणी शुल्क भरा.

अकोलेवाल्याला फोन लावला. तो गृहस्थ म्हणाला, "ताई, मी कायले भरू? क्लास बंद करून पुण्याला आलो. तो ईमेल मी उघडतच नाही."

मग मी तो दुसरा नंबर फिरवला. पलीकडून एका पुरुषाचा गोड आवाज आला. त्यानं आमच्या संस्थेचं पूर्ण नाव घेतलं, नमस्कार केला, आणि विचारलं, "बोला ताई, गाव कोणतं तुमचं? घरी आणखी कोण असतं?"

मी फोन ठेवला. थोड्या वेळानं त्याच नंबरवरून मला फोन येऊ लागले. मी उचलले नाहीत. ते येतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीटाकळीहून आपाचा फोन आला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, बाया दारात येऊन बसल्या. म्हणतेत, तुहा फोटो पाहून पैसे भरले, बकऱ्या कुठी हायेत? मले तर काहीच मालूम नाही. मी काय सांगू त्यायले?"

अध्यक्ष आणि मी लगेच निघालो. आपाच्या ओट्यावर आठ-दहा जणी बसल्या होत्या. आपा आत, मशीनला पाठ लावून उभी. एका म्हातारीनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"हे नाव तुमचंच हाय ना?"

"आमचं होतं मावशी. आता दुसऱ्यानं घेतलं."

"नाव बी जाते काय कोणाचं?"

अध्यक्ष ओट्याच्या पायरीवर बसले. खाली बघत म्हणाले, "भाडं भरलं नाही, म्हणून गेलं. हिनं सांगितलं होतं. म्याच भरू देल्लं नाही."

कोणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक करून बायका उठल्या आणि आपाकडे न बघता निघून गेल्या.

अकोल्यात पोलिसांकडे तक्रार दिली. वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर होतं, हे त्यांनी पहिलं विचारलं. आमच्या नव्हतंच. अखेर ते पान बंद झालं, पण महिन्याभरात वेगळ्याच नावाच्या पानावर आपाचा तोच फोटो दिसला. या वेळी खाली कर्ज देण्याची जाहिरात होती. ते बंद होईपर्यंत तिसरं निघालं.

पुढच्या मार्चमध्ये तांत्रिक खर्च अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं सगळ्यात वर लिहिला. नवं नाव संस्थेच्या ईमेलवर घेतलं. त्या वेबसाइटवर कोणाचाही फोटो नाही.

मागच्या खेपेला आपाकडे गेले, तेव्हा मशीन दाराजवळून मागच्या खोलीत गेलं होतं. भरदुपारी दाराला कडी होती. मी हाक मारली. आधी खिडकीची फट उघडली. बराच वेळ कोणीतरी माझ्याकडे बघत राहिलं.

"एकट्याच हाव काय?" आतून आपानं विचारलं.