उचलता येईल एवढीच गाडी

सुनेत्राताई भोयर आणि मी जबलपूरच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात बारा वर्षं शेजारी-शेजारी बसलो. जिल्ह्यातल्या ठरावीक विहिरींचं पाणी किती खाली गेलं आहे, ते वर्षातून चारदा मोजायचं असतं. ती आकडे आणायची, मी ते संगणकात भरायची. पोलादी टेपेच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, खडू जिथवर भिजला तिथला आकडा वाचायचा. काम एवढंच. पण कुंडम भागातल्या अकरा विहिरींपर्यंत पोचायला निम्मा जन्म जातो, असं ती हसत म्हणायची.

२०१९च्या डिसेंबरात आमच्या भाड्याच्या जीपचा करार संपला आणि नवी जीप काही येईना. साहेबांनी सांगितलं, स्वतःच्या वाहनाने जायचं असेल तर जा, परवानगी देतो. दुसरं कोणी असतं तर तोंड वाकडं केलं असतं. सुनेत्राताई खुश झाली. तिचे वडील रामराव संरक्षण कारखान्यात फिटर होते. त्यांनी तिला एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकल शिकवली, आणि तेव्हापासून सत्तावीस वर्षं ती गाडी चालवत होती. एकदा तर एकटी नागपूरपर्यंत जाऊन आली होती. ती राहायची त्या कांचघर मोहल्ल्यात तिला ओळखत नाही असं घर नव्हतं. साडीचा पदर खोचून मोटरसायकलला किक मारणारी बाई कोण विसरेल?

तिची जुनी गाडी सडकेची. जंगलवाटेसाठी उंच चाकांची, खाचांच्या टायरची वेगळी गाडी हवी, हे तिला कळत होतं. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका शोरूममध्ये ती आणि तिचे यजमान विष्णू भाऊजी जाऊन आले. विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, कितने साल से चला रही हैं?" सत्तावीस वर्षं ऐकल्यावर त्याने लहान गाड्यांकडे हातही केला नाही. थेट चारशे सीसीच्या गाडीपाशी नेलं. "आपके लिए तो यही है." ताई बसली. सीट बुटकी होती, दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकले. हॅन्डल हातात भरलं. तिला वाटलं, झालं, हीच.

घ्यायच्या आधी एकदा चालवून बघावी म्हणून भाऊजींनी त्यांच्या रेल्वे ऑफिसातल्या एका मित्राची तशीच गाडी रविवारपुरती मागून आणली. ताई सकाळी कुंडमकडे गेली आणि दुपारी परत आली. सोमवारी मी विचारलं, "कशी झाली?"

"छान झाली," ती म्हणाली आणि टेप पुसायला लागली.

त्यानंतर तिने गाडीचं नाव काढलं नाही. जानेवारी उजाडला. पाटण, सिहोरा, शहापुरा, जिथे जिथे बस जाते तिथले आकडे येऊन पडले. कुंडमचं पान कोरंच. मी विचारलं की ती म्हणायची, जीप येऊन राहिली आहे, थोडं थांब. तेरा तारखेला जेवणाच्या सुट्टीत मी लवकर परतले, तेव्हा ती मागच्या पाच वर्षांचे जानेवारीचे आकडे समोर ठेवून कोऱ्या पानावर पेन्सिलीने काही लिहीत होती. मला पाहून तिने हात थांबवला. पानावर चार आकडे होते, दशांशासकट.

बारा वर्षांत तिने एक आकडा अंदाजाने टाकलेला मला माहीत नव्हता. पावसात विहिरीचा कठडा ढासळला तर "मोजता आले नाही" असं लिहून, सही करून मोकळी होणारी बाई ती.

तिने खोडरबर घेतलं आणि चारही आकडे पुसले. मग म्हणाली, "जया, मला ती गाडी चालवता येत नाही. मला भीती वाटून राहिली आहे."

आणि त्या रविवारी काय झालं ते तिने पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

डांबर होतं तोवर गाडी लोण्यासारखी चालली होती. डांबर संपून मुरूम लागला, तसं मागचं चाक इकडेतिकडे सरकायला लागलं. चाकं दोनच, पण तिला वाटलं चार चाकं चार दिशांना जातायत. तरी सावरत सावरत ती पाच किलोमीटर गेली. मग एक कोरडा नाला आला. उतार, खाली वाळू, वाळूत गोटे. ती घाबरून पुढच्या चाकाकडेच बघत राहिली आणि पुढचा ब्रेक दाबला. गाडी डावीकडे आडवी झाली. तिचा डावा पाय खाली.

"पाय दुखत नव्हता गं," ती म्हणाली. "जाड बूट होते. पण निघत नव्हता. इंजिन बंद केलं. टाकीतून पेट्रोल थेंब थेंब माझ्या बाहीवर पडत होतं, आणि इंजिन तापलेलं. फोनला रेंज नाही. मी त्या गाडीला दोन्ही हातांनी ढकललं, जया. हलली नाही. भिंतीला ढकलावं तशी."

पाऊण तास ती तशीच पडून होती. मग गवताचा भारा घेऊन एक बाई वरच्या वाटेने आली. अंजनी तिचं नाव, पलीकडच्या वस्तीतली. तिने भारा टाकला, म्हणाली, "दीदी, हिलना मत." आणि कुठूनसं एक जाड लाकूड आणलं. लाकूड गाडीच्या पुढच्या लोखंडी गार्डखाली घातलं, त्याच्याखाली गोटा सरकवला आणि स्वतः लाकडावर लोंबकळली. गाडी वीतभर वर आली. ताईने पाय ओढून घेतला. गाडी उभी करायला मात्र वस्तीतून आणखी दोघींना बोलवावं लागलं.

"घरी सांगितलं थोडी घसरले म्हणून," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं चालवते आणि एका नाल्यात... कोणाला सांगू?"

माझे सासरे शालिग्राम ढोके, म्हणजे आमचे मामाजी, चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. वाहन कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. नव्या गाड्या खड्ड्यांत, चिखलात, चढावर घालून बघायच्या, हेच त्यांचं काम. हौस म्हणून मोटरसायकलीही मातीत घालायचे. त्याच संध्याकाळी मी ताईला आमच्या घरी नेलं. ती यायला तयार नव्हती. म्हातारा माणूस हसेल, असं तिला वाटत होतं.

मामाजींनी सगळं ऐकलं. हसले नाहीत. विचारलं, "बेटा, मागचं चाक तुझ्याखालून सरकलं, असं आधी कधी झालं होतं?"

"नाही, काका."

"उभ्याने गाडी चालवली आहे कधी? सीटवरून उठून?"

"नाही. कशाला चालवू?"

"आणि पडलेली गाडी एकटीने उचलली आहेस?"

ताईने मान हलवली. सत्तावीस वर्षांत तिची गाडी पडलीच नव्हती.

"अच्छा," मामाजी म्हणाले. "मग तू सडकेवर पक्की आहेस आणि मातीत बिगरीतली. येवढंच. यात लाज काहून? बिगरीतल्या पोराच्या हातात दहावीचं पुस्तक दिलं तर ते रडणारच."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तिला लागलं. नंतर बसस्टॉपपर्यंत जाताना ती म्हणाली, "सव्वा महिना मला वाटून राहिलं होतं की माझ्यातच काहीतरी मोडलं. शोरूममधल्या त्या पोराचं ऐकून मी मोठी गाडी घेतली असती, तर प्रत्येक खेपेला हेच वाटलं असतं. मला फक्त येत नाही, येवढंच आहे. न येणारी गोष्ट शिकता येते."

शनिवारी आम्ही तिघं गोरखपुरातल्या बळीराम मिस्त्रींकडे गेलो. जुन्या गाड्या दुरुस्त करून विकण्याचं त्यांचं गॅरेज आहे. मामाजींनी अंगणात तीन गाड्या काढायला सांगितल्या: चारशेची, दोनशेची आणि एक जुनी दीडशेची. मग खाली गोणपाटं अंथरून तिन्ही आडव्या पाडायला लावल्या. बळीराम कुरकुरले, पण मामाजींपुढे त्यांचं चालत नाही.

"आता उचल," मामाजी म्हणाले. "हातांनी नाही. पाठ कर तिच्याकडे. बैठक मारल्यासारखी खाली जा. एक हात हॅन्डलला, एक मागच्या सळईला. आणि पायांनी मागे मागे चाल."

चारशेची गोणपाटावर थोडी सरकली, वर आली नाही. दोनशेची उचलली गेली. ताईचा चेहरा उजळला.

"पुन्हा पाड, पुन्हा उचल."

दुसऱ्यांदा ती अर्ध्यात आली आणि धपकन खाली गेली.

दीडशेची एकशे तीस-बत्तीस किलोची होती. ती ताईने एकदा उचलली, दोनदा उचलली, आणि धापा टाकत तिसऱ्यांदाही उचलली.

"नाल्यात तू एकदाच पडशील, असं कोणी लिहून दिलं आहे?" मामाजी म्हणाले. "दमल्यावर जी उचलता येते ती आपली."

पण ताई बसली तर पाय नीट पोचेनात. चारशेच्या गाडीवर सपाट टेकणारे पाय इथे फक्त चवड्यांवर. "काका, ही तर उंच आहे. ती मोठी बरी होती की पायाला."

"शोरूममध्ये सगळे पायच बघतात. मातीत दोन्ही पाय टेकायची वेळ कमीच येते, आणि आली तर गोट्यावर टेकतात, फरशीवर नाही. गाडी हलकी असली की एक पाय पुरतो. जड गाडी कलली की दोन्ही पायही कामाचे नाहीत." मग ते बळीरामांकडे वळले. "सीटचा फोम दोन बोटं तास."

गाडीचा रंग पोपटी होता, तोही जागोजागी उडालेला. ताई तिच्याभोवती फिरून म्हणाली, "शेचाळीस वर्षांची बाई मी. लोक म्हणतील कॉलेजातल्या भाच्याची आणली."

"म्हणू दे. नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की जीव जातो आणि मग माणूस भीत भीत चालवतो. हिच्यावर ओरखड्याला जागाच नाही राहिली."

यावर ती पहिल्यांदा मोकळं हसली.

मग तिने ती पोपटी गाडी विकत घेतली आणि दहा दिवस रोज सकाळी परियट नदीच्या काठावर शिकवणी झाली. विष्णू भाऊजींना तोवर तिने सगळं सांगून टाकलं होतं. ते थर्मासात चहा घेऊन काठावर बसायचे. मामाजी खुर्चीवरून सांगायचे: पायदानावर उभी राहा, गुडघे ढिले सोड, गाडीला तुझ्याखाली नाचू दे. चाकाकडे नको बघू, जिथे जायचं तिथे बघ. वाळूत ब्रेक नाही, हलका थ्रॉटल. पहिल्या सकाळी ती चार वेळा पडली. चारही वेळा पाठ करून बसली आणि गाडी घेऊन उठली. चौथ्यांदा भाऊजी धावत गेले, तर तिने हाताने थांबवलं. आठव्या दिवशी मागचं चाक वाळूत सरकलं तेव्हा ती घाबरलीच नाही. थांबून मामाजींना म्हणाली, "सरकलं, पण आपोआप सरळ झालं."

"तू त्याला होऊ दिलंस," मामाजी म्हणाले.

एकोणतीस जानेवारीला तिने सडकेजवळच्या सहा विहिरी केल्या. उरलेल्या पाच जंगलातल्या. त्या दुसऱ्या दिवशी. ठरलं असं, की शेवटच्या वस्तीच्या वर जी टेकडी आहे तिथे रेंज मिळते, तिथून तीन वाजता फोन करायचा.

तीन वाजले. फोन नाही. सव्वातीनला विष्णू भाऊजी आमच्या ऑफिसात आले. रेल्वे ऑफिसातून सुट्टी काढून आले होते. माझ्या समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसले, पाठ न टेकता. मी चहा मागवला, तो थंड झाला. पावणेचारला त्यांनी विचारलं, "कुंडमला पोलीस चौकी आहे ना?" मी म्हटलं, आहे. मी साहेबांच्या गाडीची चौकशीही करून आले. सव्वाचारला मी मामाजींना फोन केला. ते म्हणाले, "थांबा. पडली असेल तर उठेल." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"अकराच्या अकरा झाल्या," ताई म्हणाली. "नाल्यात एकदा पडले. उचलली. पुढच्या चढावर एकदाही नाही."

"मग तीन वाजता फोन काहून नाही केला?" भाऊजींनी विचारलं.

मागे, टेकडीखालच्या वस्तीत, कोंबड्या ओरडत होत्या.

"शेवटची विहीर अडीचलाच झाली. अंजनीने भात वाढला. मग तिच्या अंगणातल्या खाटेवर पाच मिनिटं टेकले," ती म्हणाली. "झोप लागली हो."

भाऊजींनी फोन टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि तासाभरात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. "हळू ये," ते म्हणाले. "आधी चहा घे अन् मग निघ."