जामिनासाठी हळदीकुंकू

आमच्या लालबागच्या चाळीतून आफ्रिकेला जाणं ही काही नवलाई राहिली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे आधीच गेले होते, तिथल्या एका कापडगिरणीत. त्यामुळे ह्यांना त्याच गिरणीचं बोलावणं आलं तेव्हा कुणी डोळे विस्फारले नाहीत. हे विणखात्यात फिटर होते. चालू असतानाच धोट्यातली सुताची कांडी आपोआप बदलणारे नवे माग बसवायला ह्यांच्या गिरणीतल्या मोजक्या लोकांना शिकवलं होतं, त्यांत हे होते. तिकडे नेमके तेच माग आले होते.

सगळ्यांत जास्त हुरळले ती मी. आमच्या एका खोलीत आम्ही चौघं, दीर, जाऊ आणि त्यांची तीन मुलं राहत होतो. तिकडे वर्षभराने बायको-मुलांना नेता येत होतं आणि कंपनी दोन खोल्या देत होती. दोन खोल्या, घरातला नळ आणि माझी स्वतःची चूल. मी मनातल्या मनात तिथे भांडी लावूनसुद्धा टाकली होती. जाऊबाईंना ते माझ्या चेहऱ्यावरून कळत होतं आणि त्या मला येता-जाता "आफ्रिकेच्या राणीसाहेब" म्हणत होत्या.

मग नियम बदलला. गिरणीचं इथलं काम पाहणारे गृहस्थ गिरगावात बसत. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे सगळं समजावलं. आधीच्या दोघांना गिरणीचं नुसतं पत्र पुरलं होतं. आता तिथलं सरकार कसबी माणसालाही सहजी आत घेत नव्हतं. परवाना मिळणार तो त्या गिरणीच्या नावाने, त्याच कामापुरता. तिथे गेल्यावर दुसरीकडे नोकरी धरायची नाही, आणि गिरणीने काढलं की पुढच्या बोटीने परत यायचं. असं परत यायची पाळी आली तर खर्च कुणाच्या डोक्यावर पडायचा, यावरून इकडेही कडक झालं होतं. पासपोर्टाच्या कचेरीत मुंबईतला जामीनदार उभा करायचा, आणि तो मालमत्तावाला हवा, स्वतःच्या नावाची जागा असलेला. महिनाअखेरीपर्यंत हे जमलं नाही तर गिरणी परळचा दुसरा माणूस घेणार होती. तो तयारच होता.

जागेचा मालक. अख्ख्या चाळीत भाडेकऱ्यांशिवाय होतं कोण? युनियनचे पुढारी म्हणाले, मी देतो सही. हे म्हणाले, तुमची सही मोर्चातल्या माणसांना सोडवायला चालते, पासपोर्टाला नाही. घरमालक आम्हाला नावाने ओळखतही नव्हता. ह्यांचे एक लांबचे मामा भायखळ्याला भाजीचा गाळा चालवत. ते म्हणाले गाळा आहे, पण तोही भाड्याचाच. गावाकडची जमीन चालत नव्हती. आठवडा असाच गेला, आणि मग एका दुपारी जेवता जेवता जाऊबाई सहज बोलून गेल्या की कोपऱ्यावरच्या शेठचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या त्याच्या स्वतःच्या आहेत.

ह्यांनी भाताचा घास हातातच ठेवला.

कोपऱ्यावरचा शेठ म्हणजे धान्याचा दुकानदार, गुजराती. माझ्या लग्नापासून आमचे तांदूळ त्याच्याकडूनच यायचे. मग मुंबईसाठी आंदोलन पेटलं. गोळीबारात मागच्या चाळीतला एक तरुण गेला. त्याच्या आईचा आक्रोश आमच्या गॅलरीत ऐकू येत होता. त्या रात्री चाळीत ठरलं की शेठच्या दुकानाची पायरी चढायची नाही. पोरांनी त्याच्या पाटीला डांबर फासलं. हेही त्या घोळक्यात होते. आम्ही बायका पिशव्या घेऊन त्याच्या दुकानावरून मुद्दाम मोठ्याने बोलत पुढच्या दुकानाला जायचो, आणि त्यात माझा आवाज काही कमी नसायचा. शेठने डांबर खरवडून काढलं आणि तिथे मराठीत पाटी लावली. तरी आम्ही गेलो नाही. त्या वेळच्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. मुंबई आमची होती आणि ती मागताना माणसं मेली होती. लाज वाटते ती तो राग आम्ही कुणावर काढला त्याची. गोळी झाडणाऱ्यांपर्यंत आमचा हात पोचत नव्हता. शेठ कोपऱ्यावर होता.

आता त्याच कोपऱ्यावर जाऊन सही मागायची होती. ह्यांनी दोनदा सदरा घातला आणि दोनदा काढून ठेवला. शेवटी मला म्हणाले, "तूच जा गो. माका तोंड नाय थंय जावक."

जसं काही मला होतं. पण मला घराचा मोह होता, आणि मोह असला की डोकं फार चालतं. नुकतीच संक्रांत झाली होती. शेठची बायको, जिला आम्ही भाभी म्हणायचो, पूर्वी दर वर्षी आमच्या हळदीकुंकवाला यायची. आंदोलन सुरू झाल्यापासून दोन संक्रांती तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी ठरवलं, आधी तिला बोलावणं करायचं. ती येईल, बसेल, जुना संबंध जरा उजळेल, आणि दोन दिवसांनी सहीचं काढायचं. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटली. जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तीळ निवडायला घेतले. थट्टासुद्धा केली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कुंकवाची कोयरी घेऊन मी शेठच्या जिन्यावरून वर गेले. खाली दुकानात शेठ होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि परत तागडीकडे वळला. भाभीने दार उघडलं. दोन वर्षांत तिच्या कानाजवळचे केस पिकले होते. मी एका दमात म्हणाले की शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, नक्की यायचं. तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. तिने मला आत बोलावलं, पाणी दिलं, मुलांची चौकशी केली. पूर्वी का बोलावलं नाही, आताच कसं सुचलं, एका शब्दाने विचारलं नाही. म्हणाली, "येईन ना." खोलीत बरंच सामान पोत्यात बांधून भिंतीला लावलेलं होतं. मी ते पाहिलं आणि दुकानाचा माल असेल असं धरून चालले.

शुक्रवारी चाळीतल्या बायका जमल्या. भाभी येणार हे कळल्यावर दोघी-तिघींनी नाकं मुरडली, पण आल्या. माझी गरज सगळ्या मजल्यांना ठाऊक होती. चाळीत गुपित राहतं कुठे? भाभी आली ती जरीकाठाची साडी नेसून, नेटकी, हातात साखरेचा हलवा घेऊन. तिच्यासाठी सतरंजीवर जागा करून दिली. तिच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा मोकळीच राहिली. गप्पा अडखळल्या. कुणीतरी डाळीच्या भावाचं काढलं आणि मध्येच जीभ चावली. मागच्या चाळीतली ती आई आली नव्हती. विधवा बाईला कोण बोलावणार? पण माझ्या मनात आलं, बोलावली असती तरी आज ती भाभीच्या शेजारी बसली असती का, आणि बसली नसती तर मी कुणाच्या बाजूला उभी राहिले असते? मी अत्तर लावत पुढे सरकले.

भाभीला वाण म्हणून मी स्टीलची वाटी दिली. बाकीच्यांना गुळाचा खडा आणि सुपारी होती. हा फरक सगळ्यांनी पाहिला. भाभीनेही पाहिला. तिने वाटी हातात घेतली, उलटून बघितली आणि मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे पाहून हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, सही पाहिजे ना भाईंसाठी?"

मी नाही म्हणाले. मग हो म्हणाले. मग म्हणाले की त्यासाठी बोलावलं असं नाही हं.

"त्यासाठीच बोलावलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हे म्हणत होते, संक्रांतीआधी येऊन मागितली असती तर दिली असती. माणूस चांगला आहे, पळून जायचा नाही. पण आता आमची जागा नाय राहिली. संक्रांतीच्या तोंडावर विकली. शिवडीचा गोदामवाला घेतोय. होळीला आम्ही जामनगरला चाललो."

कुणीतरी विचारलं, कायमचे? ती हसली. म्हणाली, गाव सासऱ्यांचं आहे, तिने ते दोनदा पाहिलंय. तिचा जन्म भायखळ्याचा. धाकटा मुलगा तर गुजराती शाळेत जायला तयारच नाही, त्याला मराठी पुस्तकं हवीत. पण दुकानात गिऱ्हाईक नाही तर किती दिवस दार उघडून बसणार?

मी विचारलं, मग माहीत असून आलात कशाला? प्रश्न तोंडातून निघाला आणि किती उद्धट आहे ते कळलं.

भाभी उठली. पदर सारखा केला. "बोलावणं आलं ना," ती म्हणाली. "आता जाताना सांगता येईल, चाळीत हळदीकुंकवाला गेले होते म्हणून."

ती वाटी घेऊन गेली. परत केली असती तर मला सोपं झालं असतं. बायका एकेक करून उठल्या. जाऊबाई सतरंजी झटकायला लागल्या. संध्याकाळी हे पाळीवरून आले आणि दारातूनच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सांगितलं, जागा विकली त्यांनी, सही होणार नाही. हे खाटेवर बसले. परळचा माणूस जाणार, एवढंच म्हणाले. मी म्हणाले, संक्रांतीआधी गेलो असतो तर झालं असतं. दोन खोल्या, नळ, चूल, सगळं एकेक करून मी मोजलं आणि रडले.

रडून झाल्यावर ह्यांनी विचारलं, "आणि ती माणसां खंय चाललीं?"

तोवर मी ते सांगितलंच नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तेही सांगायचं असतं.